जमुनेचा चुडा

नाही जी नत्थुजी, हात सोडा माहा — माह्यासाठी नाही पायजे. माहे हात भरलेले हायेत, हे पाहा, दसऱ्याच्या बाजारी तुमीच तं भरले होते, एकबी बांगडी वाढली नाही अजून. बसा, बसा, पेटारा उघडाच राहू द्या, गिऱ्हाईकच हाय मी, तुमचा येळ खायाले नाही आली. ही टोपली जरा सावलीत ठेवते. झेंडू हाय — सकाळपासून एक फूल इकलं नाही, म्हंजे इकाले बसलीच नाही मी, मळ्यातून निघाली ते सिद्धी तुमच्याच लिंबाखाली आली. नाही, खोटं कशाले बोलू, सिद्धी नाही आली, मंधात एका घरी गेली होती, ते सांगते मांगून. पहिले हे सांगा — माह्या घरी येता का? आताच. पेटाऱ्यासकट. बाळापूरच्या बाजारातून आमचा मळा काही लंब नाही, नदीच्या काठाकाठानं गेलं का आलाच, ऊन चढाच्या आंधी तुमी परत अठी येऊन बसान. एकाचे हात भराचे हायेत. कोनाचे ते तुमाले माहीत हाय. असं खाली पाहू नोका जी. साऱ्या बाजाराले माहीत हाय, अन् बाजारात बसनाऱ्या कासाराले माहीत नसन?

बरं, नाही माहीत म्हनता, तं मी सांगते. मी तानू, त्या जमुनेच्या घरची. शेषराव शाहिराच्या खडी गंमतीत जमुना होऊन नाचतात ते माहे घरवाले — हसू नोका, का हासा, हासतीन त्याचे दात दिसतीन — ते जेवत नाहीत. पंचायनं त्यायले पारावर बसवलं त्या दिवसापासून तोंडात घास नाही. पानी देलं तं घोटभर घेतात, नाही देलं तं मांगत नाहीत. भिंतीकडं तोंड करून कोपऱ्यात बसले हायेत. बोलत नाहीत, रागावत नाहीत, रडतबी नाहीत — रडले असते तं मी म्हनली असती, रड बाई, मोकळी हो. काल भाकर कुस्करून दुधात कालवून देली, लेकराले द्यावी तशी, बोट लावलं व्हटाले, तं व्हट उघडले नाहीत. डोळे उघडे, व्हट बंद. मानूस असा किती दिवस जगते, सांगा बरं मले? तुमी गावोगाव फिरता, शंभर घरं पाहता, असा मानूस तुमी पायला काय कोठी? अन् पायला असन तं तो वाचला काय, तेबी सांगा. 

वैद्य आनला होता. नाडी पाहून म्हने, रोग काहीच नाही. मले माहीत हाय रोग नाही. रोग असता तं मी तुमच्याकडं कशाले येती? तुमच्याकडं आली, कारन हात तुमीच भरत होते ना जी तिचे — साल-दरसाल, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी? मी पायलं हाय, उंबऱ्यात उभी राहून पायलं हाय. गंमतीची रीतच हाय ते, शाहिरानं राधेले, म्हंजे बाई होऊन नाचनाऱ्याले, चुडा भरून द्याचा, मंगच डफावर थाप पडन. शेषराव पाट मांडे, जमुनेले बसवे, तुमी समोर उकिडवे बसा, अन् तिचा हात हातात घेऊन तुमी म्हना — काय म्हना? — "ढिला सोड बाई, ढिला सोड, कांडंच नाहीत तुह्या हातात." मले म्हनलं नाही असं कधी. माहा हात धरला का तुमी म्हनता, तानूबाई, हात हाय का खुरपं! खरंच हाय, सारा जलम निंदन-खुरपनात गेला. तिचा हात मऊ, माह्याहून एक माप लहान. तुमी अंगठ्याच्या बुडाशी दाबा अन् बांगडी सर्रकन जाये, अन् ती उठून तुमच्या पायाले हात लावे, सवाष्नीनं लावावा तसा, अन् तुमी आशीर्वाद द्या. द्या का नाही? तवा तुमाले नाही वाटलं का हा गडी हाय, धोतरातला हाय, याले काय आशीर्वाद द्याचा? देलाच ना! तोंडभरून देला. मंग आता काहून डोळे चोरता?

आन तो चुडा मंग गंमत उठेपर्यंत हातातून काढाचा नाही, तेबी रीत हाय. होळी झाली का तेल लावून उतरवाचा अन् नदीत सोडाचा. मंधात काही झालं तरी हात मोकळा नाही ठेवाचा. दिवसा मोट हाकताना बाही खाली ओढून घेत, पन बैल मांगं सरले, मोटेचा सोल-दोर आखडला का बाहीतून किनकिन वाजे, अन् मी वांग्याच्या वाफ्यात बसल्या बसल्या हासू. बैलायलेबी सवय झाली होती जी. आता मोटेवर दुसरा गडी हाय तं बैल कान टवकारून उभे राहतात, चालत नाहीत. मुक्या जनावराले समजते, आन पंचायले नाही समजत.

पंचायचं काय झालं, ते अमरावतीहून आलं सारं. तठी जातीची सभा भरली होती म्हने, काळी टोपी घालून दोघं-तिघं आले, छत्री लावून पारावर बसले. बोलले बरं, मी खोटं नाही सांगत. पोरं शिकली पायजेत, म्हने, दारू सुटली पायजे, लग्नातला खर्च तुटला पायजे — मीबी मान हालवली, बायायच्या घोळक्यात बसून. आन मंग म्हने, ज्या जातीचे मानसं लुगडं नेसून चव्हाट्यावर नाचतात त्या जातीले नागपूरच्या सरकारात कोन इचारन? इतकं म्हनलं, अन् सारे माह्या घराकडं पाहाले लागले. पंचातले जानराव पहिले उठले. जानराव! तेच हो, ज्यायनं मांगल्या साली जमुनेच्या पायावर फेटा फेकला होता, भरल्या गंमतीत, अन् घरी जाऊन बायकोले सांगतलं होतं का फेटा हवेनं उडाला. ते उठले अन् म्हने, बोलवा त्याले. आन हे आले. कोनी ओढून नाही आनलं, आपल्या पायानं आले, मोटेवरून तसेच, चिखलाच्या पायानं. कातर घेऊन म्हाली बसवून ठेवलाच होता. केस कापले. मी शिकेकाईनं धुत होती ते केस, जास्वंदीच्या पानाचा चोथा लावत होती, माह्याच केसाले नाही लावला कधी तेवढा — ते सारे धुळीत पडले, अन् हे बसून राहिले. मान खाली घाल म्हनलं, घातली. इकडं वळव म्हनलं, वळवली. म्या म्हनलं चला, केसच हायेत, शेतातलं पीक नाही काय कापत आपन, पुन्हा येतेच. म्या मनाले समजावलं होतं, नत्थुजी.

मंग जानराव म्हने, हात दाखव. बाही वर केली तं चुडा. हे पहिल्यांदा बोलले तवा, आन इतक्या हळू बोलले का मांगच्यायले आयकूबी नाही आलं — म्हने, "तेल आना. मी माह्या हातानं उतरवतो. फक्त फोडू नोका." एवढंच. हात जोडून नाही, पाया पडून नाही, साधं म्हनलं, जसं दुकानात मीठ मांगावं. आन मीच धावली असती घरी तेलासाठी, माही सासू पार्बताबाई धावली असती, एवढासा काय तो उशीर लागला असता! पन जानराव म्हने, तेल लावून बाया काढतात. हा मानूस हाय ना? मंग फोडा. फोडा म्हने! तुमी कासार हा, तुमच्या पेटाऱ्यात दाटीवाटीत एखादी बांगडी गेली तरी तुमी तोंडातून 'फुटली' काढत नाही, 'वाढली' म्हनता. फोडतात कोनाच्या, जी? कवा फोडतात? हे त्या काळ्या टोपीवाल्यायले माहीत नव्हतं काय? त्यायच्या माय-बहिनीच्या कवा कोनी फोडल्या नसतीन? आन मजा पाहा, फोडाले कोनी पुढं येईना. एवढे मिशीवाले मानसं, पन एकाच्या बापाचा हात उचलला नाही. मनात तं सारे भ्याले होते का हे इपरीत हाय. मंग जानरावानं काय काढलं? म्हने, ज्यानं भरून देल्या त्यानंच फोडाव्या.

हो. शेषरावानं. तुमी आयकलं नव्हतं हे? लोक हे नाही सांगत काय? लोक सांगतात पंचायनं फोडल्या. पंचायनं नाही फोडल्या. त्यानं गोटा उचलला. कुऱ्हाडीचा दांडा गोताले काळ म्हनतात ना, तसं. आन हे बांगड्यायकडं पाहतबी नव्हते, रगत आलं, मनगटावरून वघळलं, तरी खाली पायलं नाही, त्याच्या तोंडाकडं पाहत होते. एका हाताच्या झाल्या, तं दुसरा हात आपनच पुढं केला. आपनच! मंग मले कळलं का हे झालं. हे केसासारखं नाही, हे पुन्हा येत नाही.

घरी आले ते कपाळ धुतलं, डोक्यावरून उपरनं घेतलं अन् कोपरा धरला. माही सासू दारातच बसली मटकन. म्हने, "तानू, अशी तं मी बसली होती, याचा बाप गेला तवा." म्हातारी बाई हाय, अंगठाछाप, पन तिले जे एका नजरेत दिसलं ते साऱ्या सभेले नाही दिसलं. त्यायले वाटलं बांगड्या फोडल्या म्हंजे गडी झाला. अरे, बांगड्या फोडल्यानं कोनी गडी होते काय? बांगड्या फोडल्यानं रांड होते बाई! असं हाय ते. बोलू नये पन बोलते. रांड करून धाडली तुमी तिले घरी — तुमी नाही जी, तुमाले नाही म्हनत, ते. आन चुडा देनारा मालक कसा, जिता! गावात फिरून राहिला, पान खाऊन राहिला. मेला असता तं रडता आलं असतं, तेराव्याचं गोड केलं असतं, दिवस सरले असते. जित्या मानसाचं सुतक कोनी फेडावं?

तेच इचाराले गेली होती सकाळी. मंधात एका घरी गेली म्हनली ना, त्याच्याच. शेषरावाच्या. नवा पोवाडा घोकत होता, सुधारनेचा, सभेसाठी. आता त्याले राधा नाही लागत, डफ पुरते, अकोल्याले बोलावनं हाय म्हने, मांगून अमरावतीले. मले पायलं तं डफ खाली ठेवला. म्या म्हनलं, भाऊजी, मी भांडाले नाही आली. एक डाव घरी या. काही बोलू नोका, नुसते समोर बसा, अन् म्हना का जेव. तुमी म्हनलं तं जेवतीन. दुसऱ्या कोनाचं नाही आयकत, माहं नाही, मायचं नाही, तुमचं आयकतीन. हे म्हनताना मले काय वाटलं असन ते जाऊ द्या. नवऱ्याच्या पोटात घास जावा म्हनून दुसऱ्याच्या दारी — जाऊ द्या. तो रडला. खरंच रडला, लहान लेकरावानी, नाक पुसत. म्हने, "वैनी, मी आलो अन् कोनी पायलं तं मले जातीतून काढतीन, पोरीचं लग्न ठरलं हाय माह्या." म्या म्हनलं, पाहा बा, पोरीच्या लग्नात चुडा भरतान तवा आठवन काय काही? तं त्याची बायको बाहेर आली अन् मी निघाली. रडू त्याचं खरं होतं. खऱ्या रडन्यानं कोनाचं पोट भरलं हाय आजवर?

मंग मीनं इचार केला. शाहीर नाही तं नाही. रीत काय हाय — चुडा शाहिरानं द्याचा, अन् हात कासारानं भराचा. त्यातलं एक मी करते, एक तुमी करा. दान माहं, हात तुमचा. चारचौघात परक्या बाईचा हात धराची मुभा देवानं एका कासारालेच देली हाय, नवऱ्यासमोर धरता, सासऱ्यासमोर धरता, कोनी हूं नाही करत. तुमी धरला तिचा हात अन् म्हनलं, ढिला सोड बाई — तं ती सोडन. मले ठाव हाय. तुमचा हात लागला का तिले कळन का कोनी मेलं नाही, सारं तसंच हाय, चुडा पुन्हा भरते. घरीच राहतीन, बाहीखाली राहतीन, कोनी पाहनार नाही. नाचाचं नाही, काही नाही. नुसत्या हातात असू द्या.

काहून मान हालवता? जानरावानं सांगतलं? काय सांगतलं? — माळ्यायच्या आळीत पाय ठेवू देनार नाही? — हां. म्हंजे माहीत होतं तुमाले. मघापासून सारं माहीत होतं, अन् मले पुऱ्या कथेले बसवलं. बरं, मळ्यात येऊ नोका. नदीच्या काठी या, मी त्यायले तठी आनते, पाठीवर घेऊन आनते. — तेबी नाही. — नाही जी, मले नोका भरू नवीन, मी काय करू त्या! काय म्हनता? — "जाऊ दे पोरी, मानूस सुधरला तं तुहंच भलं हाय, आता तुह्या पदरात लेकरू येईन?"

असं म्हनता. तुमीबी असंच म्हनता.

आयका मंग. बाजार हाय, लोक हायेत, पन आयका. मी कुवारी होती, तेल्हाऱ्याच्या जत्रेले गेली होती मामीसंगं. तठी पायली म्या जमुना. डोईवर घागर घेऊन ती नुसती चालली, नाचलीबी नाही अजून, नुसती अशी चालली का पानी हिंदकळते अन् तिले त्याचा राग येते — आन घागर रिकामी बरं, पानी नव्हतंच, पन मले पान्याचा आवाज आला. पोट्टे शिट्ट्या मारत होते. म्या शिट्टी नाही मारली, मले कोठी येते, पन छातीत माह्या तसंच झालं जसं त्या पोट्ट्यायच्या झालं असन. मले वाटलं बाईच हाय. गंमत सरली तं मी बैलगाडीच्या मांगं गेली तिले पाहाले. पानी पित होती लोट्यानं. मले पायलं, माही येनी सुटली होती, तं लोटा ठेवला अन् काही न बोलता येनी घालून देली. मंग मामीनं सांगतलं का गडी हाय तो, बाळापूरकडच्या माळ्याचा पोरगा हाय. गडी हाय म्हनलं तं मले — आता काय सांगू — मले आनंद झाला. म्हनलं, म्हंजे लग्न होऊ शकते! एवढी भोळी. बाप माहा म्हने नाच्याले पोरगी देनार नाही, तं म्याच जेवन सोडलं, लुगड्यात तोंड खुपसून पडून राहिली, मंग झालं लग्न. लोकायले वाटते शालिकरामाच्या गळ्यात पोरगी बांधली, बिचारीची फसगत झाली. पाहा, नाव निघालं तोंडातून. नवऱ्याचं नाव घेतलं भरबाजारात. जाऊ द्या आता, कशाकशाले जपू.

फसगत नाही झाली, नत्थुजी. त्यायची झाली असन, माही नाही. लग्न झालं अन् हे खाटेच्या काठाले बसले, घाम सुटला त्यायले, जशी माहीच भीती वाटते. म्या म्हनलं, जमुने, माही येनी घाल. तं हासले. तवापासून आमी दोघी — दोघं — दुपारचं मळ्यातून आलं का दार लोटून घेऊ, ती माहे केस विंचरे, मी तिचे, माहं लुगडं ती नेसे अन् मले चालून दाखवे, मले म्हने तुह्या चालीत बैलाचा पाय हाय, अन् आमी हासत बसू. नवरा-बायकोचं जे असते ते नाही आमच्यात. नाही. सासू नवस बोलते, शेजारनी ओटी भरतात, मी मान खाली घालते, लोक म्हनतात बिचारीले लेकरू नाही. मले पुरत होतं. पुरत होतं म्हंजे — नाही, खरं सांगते — मले तेच पायजे होतं. मले तो गडी नाही पायजे जो यायनं बनवला हाय, केस कापलेला, कोपऱ्यातला. त्याले मी वळखत नाही. मले ती पायजे. समजलं? तिच्या हातात चुडा कोनाचाबी असो, शेषरावाचा असो, मीनं कधी सवत म्हनून बोटं मोडली नाहीत, पाच महिने त्याची अन् सात महिने माही, अशी वाटनी होती, अन् मले चालत होती. आता त्याले नोको झाली तं माही पुरी होऊ द्या ना! का तीबी मले नाही ठेवाची?

असं काहून पाहता? पेटारा काहून वढून घेतला? इटाळ होते काय माहा? मघा हात धरला होता माहा, तवा नाही झाला. बरं, येऊ नोका. तुमालेबी लेकरं-बाळं हायेत, सारे आपआपल्या लेकरायले घेऊन बसले हायेत. मंग इकत तं द्या. त्या बारक्या मापाच्या, हिरव्या. पदरात बांधून नेते, माही मीच भरते कशातरी. ते दाबाचं कसं तेवढं सांगा, अंगठ्याच्या बुडाशी ना? — इकतबी नाही? बाजारात मांडलेल्या बांगड्या इकत नाही? कोनाच्या हातात जानार ते ठाव हाय म्हनून? अहो, बांगड्यायले ठाव नाही ना! त्या काच हायेत.

ठीक. राहू द्या.

ती तेलाची वाटी तेवढी सरकवा इकडं. तेल तं देता ना, तेलाले कोन्या सभेनं नाही म्हनलं? — काय करते म्हंजे? दिसते ना काय करते. माह्या उतरवते. ओरडू नोका, नत्थुजी, लोक पाहतीन, तुमचंच नाव जाईन. मले ठाव हाय, मालक जिता असताना बाईनं हात मोकळा करू नये, बांगडी नसली तं मनगटाले सूत बांधावं, तेबी नाही बांधलं, सारं ठाव हाय, माही माय हेच सांगून मेली. पन माहं माप त्याच्याहून मोठं हाय, आरामशीर जातीन त्याच्या हातात, दाबाचीबी गरज नाही, कासाराचीबी गरज नाही. मघाच कसं नाही सुचलं मले? सुचलं होतं. भेव वाटत होतं. हं — हे खुरप्याचं हाड आडवं येते. निघाली. ही दुसरी. धरा तं जरा — नोका धरू, बरं. निघतात. पाहा, कशा आख्ख्या निघून राहिल्या.

झालं. ह्या सवाष्नीच्या हातात घामानं मुरलेल्या हायेत, तुमच्या कोऱ्यापेक्षा बऱ्या. टोपली उचलते. फुलं राहू द्या अठीच, कोनी नेलं तं नेलं. तिकडून बाया येऊन राहिल्या, त्या पाहतीन माहे हात, तुमाले इचारतीन, तानूचं काय झालं म्हनून. काही सांगू नोका. तो जेवला तं भरल्या हातानं जेवन. नाही जेवला तं हे हात तसेबी मोकळेच होनार होते.

सरका जी. वाट सोडा.